कंटेनर आले म्हणून व्हीएम गेलं नाही

गूगलमध्ये दर आठवड्याला दोन अब्जांहून जास्त कंटेनर सुरू होतात, असं त्या कंपनीचे अभियंते जो बेडा यांनी 2014 मध्ये जाहीर सांगितलं. तेव्हापासून ‘आता व्हर्च्युअल मशीनचे दिवस भरले’ हे भाकीत वारंवार ऐकू येतं. ते काही खरं झालेलं नाही.

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, यांनी मोठा प्रश्न सोडवला होता. एका सर्व्हरवर एकच प्रणाली चालवायची पद्धत होती. सर्व्हर बहुतेक वेळ रिकामा बसे आणि वीज मात्र खात राही. 1998 मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरसारख्या कंपन्यांनी एकाच यंत्रात अनेक ‘यंत्रं’ बसवली. पण यातल्या प्रत्येकाला स्वतःची संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम लागते. तिची मेमरी, तिचे अपडेट आणि अनेकदा तिचं लायसन्सही वेगळं.

कंटेनर हा सगळा बोजा टाळतो. यजमान यंत्राचं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, सगळे कंटेनर मिळून वापरतात. कोणाला काय दिसावं हे ‘नेमस्पेस’ ठरवतात. प्रोसेसर आणि मेमरी किती मिळावी, ते ‘सीग्रुप’ पाहतात. सीग्रुप गूगलच्या अभियंत्यांनी लिहिले आणि 2008 मध्ये ते लिनक्समध्ये आले. पुढे 2013 मध्ये डॉकरने प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या एकाच पुडक्यात बांधणं सोपं केलं. ‘माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय’ हा डेव्हलपर मंडळींचा आवडता बचाव त्यामुळे बराच लंगडा पडला. माझ्या मते खरी बचत इथेच आहे. मेमरी स्वस्त मिळते. नवी आवृत्ती चालेना म्हणून रात्रभर बसणारी माणसं महाग पडतात.

घोडं पेंड खातं ते सुरक्षिततेपाशी. कर्नल सामाईक, म्हणजे त्यातलं भोकही सामाईक. कर्नलबाहेर, कंटेनर चालवणाऱ्या ‘रनसी’ या साधनातही 2019 मध्ये अशी त्रुटी सापडली, की दुष्ट कंटेनरला थेट यजमान यंत्राचा ताबा घेता येई. म्हणूनच क्लाउड कंपन्या एकमेकांना अनोळखी असलेल्या ग्राहकांमध्ये सहसा व्हीएमची भिंत ठेवतात आणि कंटेनर त्या भिंतीच्या आत चालवतात. अ‍ॅमेझॉनने 2018 मध्ये खुलं केलेलं ‘फायरक्रॅकर’ तर भिंतच पातळ करतं: त्यातलं छोटं व्हीएम सुमारे 125 मिलिसेकंदांत उभं राहतं आणि मेमरीचा वरखर्च पाच एमबीच्या आसपास. शिवाय विंडोजवरचं जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर लिनक्सच्या कंटेनरमध्ये थेट चालत नाही, त्याला सहसा व्हीएमच लागतं.

ब्रॉडकॉमने 2023 मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली आणि कायमस्वरूपी लायसन्स बंद करून वर्गणी लावली. तेव्हापासून व्हीएम की कंटेनर हा हिशेब अर्थविभागाच्या टेबलावरही आला आहे. तरी तीन-चार प्रणाली असलेल्या कंपनीने शेकडो कंटेनर हाकण्यासाठी बनलेलं कुबरनेटीस घेणं म्हणजे पांढरा हत्ती पोसणं. खर्च निम्मा करून देतो असं सांगणारा विक्रेता आला, तर आधी महिनाभर आपले सर्व्हर किती टक्के वापरले जातात ते मोजा, आणि मगच त्याला चहाला बोलवा.