शटर काउंट कमी, मग कॅमेरा चांगला?

तुळशीची लग्नं जवळ आली की अंबड, परतूर, मंठा, भोकरदनकडच्या फोटोग्राफरांत जुन्या कॅमेऱ्यांची विचारपूस वाढते. 2018 मध्ये कॅननने ईओएस आर आणि निकॉनने झेड मालिका आणली. तेव्हापासून जम बसलेले फोटोग्राफर हळूहळू मिररलेसकडे वळले आणि त्यांचे फाइव्ह डी मार्क थ्री, डी 750 असे दणकट डीएसएलआर विक्रीला निघाले. धंद्यात नव्याने उतरणाऱ्या पोरासाठी ही खरोखर चांगली संधी आहे. फक्त घेणारा पहिला प्रश्न विचारतो, "काउंट किती?" आणि पुष्कळदा तिथेच थांबतो.

काउंट म्हणजे शटर किती वेळा पडलं तो आकडा. वर सांगितलेल्या दोन्ही कॅमेऱ्यांचं शटर दीड लाख फ्रेमपर्यंत तपासलेलं आहे, असं कंपन्या सांगतात. एका लग्नात दोन हजार फ्रेम धरल्या तर ही पंचाहत्तर लग्नं झाली. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेला असतो. कॅननच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये तो फोटोत सापडत नाही, कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडून सॉफ्टवेअरने काढावा लागतो. विकणाऱ्याने मोबाइलवर पाठवलेल्या जुन्या फोटोवर विसंबू नये. आपलं कार्ड घालून, आपल्या हाताने फ्रेम काढून तीच तपासावी.

एवढं करूनही आकडा अर्धंच सांगतो, कारण व्हिडिओ त्यात जवळपास मोजलाच जात नाही. तासभर रेकॉर्डिंग झालं तरी काउंट जागच्या जागी, पण तेवढा वेळ सेन्सर तापत असतो. आपल्याकडे हळदीपासून पाठवणीपर्यंत व्हिडिओ लागतो आणि मंगल कार्यालयात एलईडी स्क्रीनवर लाइव्हही लागतं. म्हणून मी आधी कॅमेऱ्याची डावी बाजू बघतो. एचडीएमआयच्या खाचेवरचं रबरी झाकण गेलेलं, केबल घातली की हलते, तळाशी ट्रायपॉडच्या स्क्रूभोवती रंग खरवडलेला. असा कॅमेरा वीस हजार काउंटचा असला तरी रात्र-रात्र स्क्रीनला जोडलेला होता असं समजावं. डोक्यावरच्या हॉट शूचा रंग उडाला असेल तर त्यावर फ्लॅश भरपूर चढला आहे. हा दोष नव्हे, काम केल्याची खूण आहे. शंका उलट ठिकाणी घ्यावी: ग्रिपचं रबर कोरं करकरीत, पण पट्टा अडकवायच्या कड्या झिजलेल्या. स्क्रूची डोकी ओरबाडलेली दिसली तर बॉडी कुणीतरी उघडली आहे. कुणी उघडली, कशासाठी, ते विचारलंच पाहिजे.

सेन्सर तपासायला एफ 22 ठेवून, फोकस मुद्दाम सोडून मोकळ्या आकाशाचा फोटो काढायचा आणि तो मोठा करून बघायचा. काळे ठिपके धुळीचे असतील तर सफाईने जातात. सफाईनंतरही पुन्हा पुन्हा उमटत असतील तर प्रकरण वेगळं. 2012 मध्ये आलेल्या निकॉन डी 600 ची नेमकी हीच तक्रार होती. 2014 मध्ये कंपनीने वॉरंटी संपलेल्या कॅमेऱ्यांनाही मोफत सफाई आणि शटरसकट सुटे भाग बदलून द्यायचं जाहीर केलं. म्हणजे डी 600 घेताना "दुरुस्ती झालीच नाही" हे ऐकून खूश होण्यात अर्थ नाही. शटर बदलल्याचा सर्व्हिसचा कागद दाखवणारा माणूस जास्त भरवशाचा.

लेन्सची गोष्ट निराळी. जालन्याची हवा कोरडी, त्यामुळे इथे वापरलेल्या लेन्सला बुरशीपेक्षा धूळ आणि हळदीची पूड जास्त छळते. झूम रिंग फिरवताना किरकिर झाली की ओळखावं. पण सीएसएमटीला उतरून बोराबाजारातून लेन्स आणली तर ती आजवर कोणत्या दमट घरात होती कोण जाणे. अंधाऱ्या खोलीत मागून मोबाइलची बॅटरी मारून पुढून तिरकं बघावं. काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. विकणारा म्हणेल, "फोटोत काही येत नाही." आज येत नसेलही, पण समोरून उजेड आला की चित्र धुरकट होतं, आणि बुरशीने काचेचा लेप खाल्ला असेल तर पुसून काही परत येत नाही.

विकणारा कसा आहे हे मी एका प्रश्नावरून ठरवतो: "भाऊ, यात काय बिघडलं होतं?" पाच-सहा वर्षं लग्नं केलेल्या कॅमेऱ्यात काहीच बिघडलं नाही, हे उत्तर मला पटत नाही. "उन्हात तापला की एरर यायचा, संभाजीनगरला दाखवला, हे घ्या बिल" असं सांगणाऱ्याला मी हजार-दोन हजार जास्त देईन. तो जिल्ह्यातलाच असेल तर आणखी बरं. पुढच्या सीझनला त्याच कार्यालयात दोघं समोरासमोर येणार असतात आणि हे त्यालाही ठाऊक असतं.

बिल मात्र सोडू नये. तळाचा सीरियल नंबर, फोटोच्या फाइलमधला नंबर आणि बिलावरचा नंबर जुळवून बघावा. माल चोरीचा असल्याचं माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून तो घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे. बिल हरवलं म्हणत असेल तर साध्या कागदावर नाव, पत्ता, सीरियल नंबर, रक्कम आणि तारीख लिहून सही मागावी, पैसे रोख न देता त्याच माणसाच्या खात्यावर टाकावेत. सही करायला कुणी कां-कू करू लागला तर भाव कितीही उतरवो, कॅमेरा तिथेच ठेवून निघावं.