सेप्टिक टांकी आणि आपल्या संवयी

शौचाचे बाह्य आणि आभ्यंतर असे दोन भेद आपल्या शास्त्रकारांनीं केले आहेत. आजच्या गृहस्थाच्या दारीं त्यांत तिसऱ्याची भर पडली आहे. तें शौच डोळ्यांआड, परसांतील फरशीखालीं चालतें. जेथें सार्वजनिक गटार पोंचलेलें नाहीं, तेथें बहुतेक घरांतील शौचकूपाचें पाणी सेप्टिक टांकींत जातें. टांकी एकदां गवंड्याकडून बांधून घेतली कीं आपण निश्चिंत होतों. परंतु तिचें आरोग्य पुढें घरांतील माणसांच्या संवयींवरच अवलंबून असतें, एवढेंच आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

ही युक्ति मूळची फ्रान्समधील. मूरास नांवाच्या गृहस्थानें १८८१ मध्यें तिचें पेटंट घेतलें, व पुढें १८९५ च्या सुमारास इंग्लंडांत एक्झेटर येथें डोनाल्ड कॅमेरॉन यानें तिला आजचें नांव दिलें. टांकींतील जड भाग गाळरूपानें तळाशीं बसतो, स्निग्ध भाग सायीसारखा वर तरंगतो आणि मधलें पाणी शोषखड्ड्यांत जाऊन जमिनींत मुरतें. तळच्या गाळाचें पचन प्राणवायूवांचून जगणारे सूक्ष्म जंतु करतात. उपमा सोंवळ्यांतल्या मंडळींस रुचणार नाहीं, परंतु हे जंतु म्हणजे टांकीचें विरजणच होय. कढत दुधांत विरजण घातल्यास दहीं लागत नाहीं, हें कोणत्याहि गृहिणीस सांगावें लागत नाहीं.

तरीहि स्वच्छतेच्या नांवाखालीं आपण या विरजणाचा घात करतों. रोज फिनेल, ॲसिड वा ब्लीचिंग पावडर सढळ हातानें ओतली, कीं जंतु मरतात आणि न पचलेला गाळ सांठत जातो. ब्रशानें घासून थोडा सौम्य साबण वापरल्यास काम भागतें. कापूस, केस, मुलांचे डायपर व स्त्रियांचे पॅड यांचें तेथें पचन होत नाहीं. ते कागदांत गुंडाळून कचऱ्यांत द्यावे. मोरीचें पाणीहि ज्यांच्या टांकींत जातें, त्यांनीं तळणीचें तेल, खरकटें व चहाचा चोथा मोरींत टाकूं नये. धुण्याचें यंत्र एकाच दिवशीं चार वेळां चालविल्यास पाण्याचा लोंढा गाळ ढवळून शोषखड्ड्यांत नेतो. तेथील मातीचीं छिद्रें बुजलीं कीं पाणी उलट फिरतें. धुणें निरनिराळ्या दिवशीं विभागावें व गळका नळ त्वरित दुरुस्त करावा.

इतकें करूनहि सर्व गाळ पचत नाहीं. दर दोन-तीन वर्षांनीं टांकी यंत्रानें उपसून घेणें अवश्य आहे. वाई व सिन्नर येथील नगरपालिकांनीं २०१८ च्या सुमारास अशी क्रमवार उपसणी सुरू केली. झांकणावर फरशी बसवून तें कायमचें बुजविणें मात्र शहाणपणाचें नव्हे.

हा प्रश्न केवळ दुर्गंधीचा नाहीं. टांकींत हायड्रोजन सल्फाइड व मिथेन हे वायु कोंडलेले असतात. आंत उतरलेला माणूस क्षणांत बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढावयास गेलेलाहि पुष्कळदां परत येत नाहीं. संरक्षक साधनांवांचून माणसास टांकींत उतरविणें हा २०१३ च्या कायद्यानें गुन्हा ठरला आहे. तरी असे मृत्यु अजून घडतात. वर्षानुवर्षें दुर्लक्षिलेला, चिंध्या-कापसानें गच्च झालेला गाळ यंत्राच्या नळीनें निघेनासा होतो, तेव्हां "जरा आंत उतरून पाहा" असें कोणी तरी म्हणतोच. तें वाक्य आपल्या परसांत उच्चारण्याची वेळ येऊं न देणें, हें आम्ही आभ्यंतर शौचांतच गणतों.