नोकरी चाकणला, घर प्राधिकरणात

चाकणच्या कारखान्यात किंवा हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी लागली की माणूस पहिला हिशेब करतो तो कंपनीच्या गेटपर्यंत किती वेळ लागेल याचा. ते साहजिक आहे. पण ते गेट घरातला एकच माणूस रोज पाहणार असतो. मुलांची शाळा, बायकोची किंवा नवऱ्याची नव्यानं जमवायची घडी, सोबत आलेल्या आईवडिलांचं फिरणं, दवाखाना, भाजी हे सगळं घराभोवतीच्या दीड-दोन किलोमीटरांतच घडायचं असतं. म्हणून उपनगर निवडावं ते दिवसभर तिथे राहणाऱ्यांकडे बघून. या कसोटीवर पिंपरी-चिंचवडमधलं निगडी प्राधिकरण मला आजही अनेक नव्या, चकचकीत वस्त्यांपेक्षा उजवं वाटतं.

हा भाग मुळात कामासाठी गाव सोडून आलेल्यांकरताच आखला गेला. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची सुरुवात झाली. पुढच्या दशकात एमआयडीसी, टेल्को आणि आकुर्डीत बजाजचा कारखाना आला. सातारा-सोलापूरहून, खानदेश-मराठवाड्यातून, थेट केरळातूनही माणसं आली आणि त्यांना राहायला जागा पुरेना. तेव्हा 1972 मध्ये राज्य सरकारनं पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन केलं. महानगरपालिका झाली ती त्यानंतर दहा वर्षांनी. 2021 मध्ये हे प्राधिकरण पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात (पीएमआरडीए) विलीन झालं, तरी वस्तीचं नाव तेच राहिलं. रिक्षावाल्याला नुसतं ‘प्राधिकरणात जायचंय’ म्हटलं की पुरतं.

आधी रस्ते आणि राखीव जागा, मग घरं, असा क्रम इथे पाळला गेला. त्याचा फायदा सेक्टर 24 पासून 28 पर्यंत पायी हिंडलं की लगेच जाणवतो. आतले रस्ते रुंद, झाडं मोठी झालेली, कोपऱ्याकोपऱ्यावर बाग किंवा मोकळं मैदान. सातवी-आठवीतलं पोर सायकलवरून क्लासला जातं आणि आई घरी घड्याळाकडे बघत बसत नाही. माझ्या लेखी कुटुंबासाठी एवढी एक गोष्ट क्लबहाउस आणि पोहण्याच्या तलावापेक्षा मोलाची आहे. शाळांत ज्ञानप्रबोधिनीचं नवनगर विद्यालय आहे, इंग्रजी माध्यमाचे पर्याय आहेत आणि पुढच्या शिक्षणासाठी पिंपरी-चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग सेक्टर 26 मध्येच आहे.

ज्येष्ठांची सकाळ दुर्गा टेकडीवर जाते. टेकडीवर झाडी दाट आहे, चढ झेपण्यासारखा आहे आणि रोज येणाऱ्यांचे गट ठरलेले असतात. गावाकडून आलेल्या आजोबांना नव्या शहरात पहिली ओळख मिळते ती बहुधा इथेच. संध्याकाळी भेळ चौकात गर्दी होते, आकुर्डीत ग. दि. माडगूळकर नाट्यगृह आहे, केरळी मंडळींचं श्रीकृष्ण मंदिर आहे. आषाढी वारीत तुकोबांची पालखी देहूहून निघाल्यावर आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करते. त्या दिवशी निगडीच्या भक्ती-शक्ती चौकापासून पुढे जुना मुंबई-पुणे रस्ता वारकऱ्यांचा असतो आणि घराघरांतून त्यांच्यासाठी चहा-फराळ निघतो. परक्या गावात रुजायला मुलांना असं काही लागतं.

कामावर जाणाऱ्याचीही फार परवड होत नाही. चाकणला तळवडेमार्गे जाता येतं, हिंजवडीला रावेतवरून. द्रुतगती मार्ग किवळ्याला लागतो. आकुर्डी स्टेशनवरून पुणे-लोणावळा लोकल मिळते, मात्र दुपारी दोन गाड्यांत बरंच अंतर असतं. मेट्रो पिंपरीपर्यंत 2022 मध्येच सुरू झाली आणि पुढे निगडीपर्यंतचा विस्तारही मंजूर झाला. हिंजवडीचा रस्ता गर्दीच्या वेळी जीव खातो, हे मात्र आधीच गृहीत धरावं.

पाण्याची गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पवनेचं पाणी रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलून सेक्टर 23 मधल्या केंद्रात शुद्ध होतं आणि तिथून शहराला जातं. तरीही 2019 च्या अखेरीस शहरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. त्यामुळे घर बघताना हॉलचा रंग नंतर पाहा, आधी साठवणुकीची टाकी किती लिटरची आहे आणि उन्हाळ्यात टँकर लागतो का, ते शेजाऱ्यांना विचारा. मालकाला नको, शेजाऱ्यांनाच.

विकत घेणाऱ्यानं आणखी एक बाब नीट समजून घ्यावी. इथली जमीन बहुतांशी 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेली आहे, त्यामुळे हस्तांतरणासाठी परवानगी आणि शुल्क आलंच. शिवाय ही जमीन ज्या शेतकऱ्यांची होती, त्यांना साडेबारा टक्के जमीन परत देण्याचा प्रश्न कितीतरी दशकं रेंगाळला. इथे सुखानं राहणाऱ्यानं तो माहीत करून घ्यायलाच हवा. आणि ज्या कामगारांसाठी हे नवनगर योजलं, त्यांतल्या अनेकांना आजचे इथले भाव परवडत नाहीत. नव्यानं रुजू होणारा फिटर किंवा ऑपरेटर चिखली, मोशी, तळवड्याकडे खोली घेतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण टेकडी आणि रुंद रस्त्यांची गरज त्याच्या मुलांना कमी नाही.

पहिलं वर्षभर भाड्यानंच राहावं. जुन्या बंगल्यांचे वरचे किंवा खालचे मजले भाड्यानं मिळतात. आईवडील सोबत असतील तर तळमजलाच बघा. घर नक्की करण्याआधी शाळेचा प्रवेश नक्की करा, कारण चांगल्या शाळांचे प्रवेश जूनच्या कितीतरी आधी सुरू होतात आणि बदलीची ऑर्डर शाळेचं वेळापत्रक बघून येत नाही.