लैंगिक शिक्षण : स्वरूप आणि गरज

लैंगिक शिक्षण म्हणजे केवळ शरीरसंबंधांची माहिती नव्हे. वयात येताना होणारे बदल, मासिक पाळी, प्रजनन आणि परस्परांविषयीचा आदर यांचे वयानुरूप ज्ञान, असा त्याचा व्यापक अर्थ आहे.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून या विषयाचे ज्ञान मराठी वाचकांपर्यंत पोहोचविले. त्यांच्या वाट्याला मात्र अश्लीलतेचे खटले आले.

मुले बिघडतील, ही भीती अनेक पालकांच्या मनात आजही आहे. परंतु घरात व शाळेत मौन पाळल्यास मुले अर्धवट माहिती अन्यत्र मिळवितात. आणि कोणी गैरवर्तन केले, तर ते सांगण्यास त्यांच्यापाशी शब्द नसतात. म्हणून काय शिकविणार, हे पालकसभेत आधी समजावून सांगणे अगत्याचे आहे. पालकांचा विश्वास लाभल्यास शिक्षकांचे काम सुकर होते.