धावणाऱ्याच्या पायाचा हिशेब



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले की त्याने बोनस, महागाई किंवा कामगार कायदा ह्यांपैकी एका विषयावर बोलावे, अशी आपल्याकडे रीत पडली आहे. मी आज पायाच्या नडगीवर बोलणार आहे. मी वैद्य नव्हे, डॉक्टर तर नव्हेच. शाळा लवकर सुटली आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, शब्दकोश शेजारी ठेवून. पण गेल्या काही वर्षांत फौंड्रीतल्या आणि साखर कारखान्यांतल्या कामगारांच्या घरांतून एकच तक्रार माझ्या कानावर इतक्या वेळा आली की तिचा छडा लावल्यावाचून मला राहवले नाही. तक्रार अशी : "पोराचा पाय बरा होतो, धावायला लागला की पुन्हा दुखतो."

पहाटे पाच वाजता आपण विद्यापीठाच्या रस्त्याला किंवा रंकाळ्याच्या कडेला गेलात तर दोन प्रकारची धावणारी माणसे दिसतील. एक आपली हौसेने धावणारी मंडळी. त्यांचा पाय दुखला तर त्यांची एखादी शर्यत बुडते, फार तर मन खट्टू होते. दुसरी मंडळी घोळक्याने धावतात, पायात साधे बूट असतात आणि हातात घड्याळ असते. ही भरतीची मुले आणि मुली. महाराष्ट्र पोलिसांच्या शिपाई भरतीत मैदानी चाचणीचे ५० गुण असतात. त्यांतले २० गुण मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्याचे. मुलाने पाच मिनिटे दहा सेकंदांच्या आत अंतर काटले तर पुरे वीस. अर्ध्या मिनिटाच्या फरकात नोकरी येते आणि जाते. सैन्याच्या भरतीत तर वयाची खिडकी फारच अरुंद असते. ह्या पोरांचा पाय हेच त्यांचे भांडवल, आणि त्या भांडवलाला ना विमा, ना रजा. यंत्रावर बोट तुटले तर भरपाई मिळावी म्हणून १९२३ साली कायदा झाला. पुढे १९४८ साली राज्य विम्याचा कायदा झाला. पण नोकरी मिळण्यासाठीच जो पाय झिजवतो त्याला मालकच नाही, मग भरपाई कोणाकडे मागायची?

असो. आधी पाय का दुखतो ते पाहू.

आपले कोल्हापूर ओतकामाचे आणि इंजिनांचे गाव. उद्यमनगरात ज्यांनी उमेदवारी केली आहे त्यांना 'धातू थकतो' हे सांगायला नको. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ आगगाडीचा आस मोडून पन्नासाहून अधिक माणसे दगावली. आस अशक्त नव्हता. एका धक्क्याने तो मोडला नसता. पुढे व्होलर नावाच्या जर्मन रेल्वे इंजिनिअरने वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवून दिले की जो भार धातू एकदा सहज पेलतो, तोच भार लाखो वेळा आला की आतल्या आत केसासारखी भेग पडते आणि ती वाढत जाते.

गंमत अशी की ह्याच सुमारास, १८५५ साली, ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टराने नोंद केली की लांब कूच केलेल्या शिपायांचे पाय सुजतात आणि दुखतात, पण कोठे मार लागल्याची खूण नसते. शिपाई कामचुकारपणा करतात असा संशय तेव्हा कोणाला आला नसेल असे मला वाटत नाही! क्ष-किरणांचा शोध लागल्यावर, १८९७ साली, उलगडा झाला : पायाच्या पंजातली लांब हाडे तडकलेली होती. धडपड नाही, अपघात नाही, नुसत्या चालण्याने.

मात्र लोखंडाचा आस आणि माणसाचे हाड ह्यांत एक मोठा भेद आहे. आसाची भेग आपण होऊन भरून येत नाही, हाडाची येते. हाड म्हणजे निर्जीव दगड नव्हे. त्याच्या आत दोन टोळ्यांचे काम अखंड चालू असते. एक टोळी जीर्ण झालेला भाग पोखरून काढते, दुसरी तिच्या मागून नवा भरणा करते. ज्या जागी भार जास्त त्या जागी हाड जाड होते, हा नियम युलिउस वोल्फ ह्या जर्मन शल्यवैद्याने १८९२ सालीच मांडला. म्हणून धावण्याने हाड बळकट होते हे खरेच. पण त्यात एक मेख आहे. पोखरणारी टोळी आपले काम सुमारे तीन आठवड्यांत उरकते. भरणाऱ्या टोळीला सुमारे तीन महिने लागतात. म्हणजे धावणे नव्याने सुरू केल्यावर किंवा एकाएकी वाढवल्यावर काही आठवडे असे येतात की जुने काढले गेले आहे आणि नवे अजून पक्के झालेले नाही. नेमक्या त्याच दिवसांत दम वाढलेला असतो, उत्साह दुणावलेला असतो आणि घड्याळातली वेळ सुधारत असते. दम आधी तयार होतो, हाड मागाहून. पायाची बहुतेक दुखणी ह्या दोहोंमधल्या अंतरात जन्माला येतात.

आता ते दुखणे पुन्हा पुन्हा का येते? दुखणे थांबणे आणि इजा भरून येणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंधरा दिवस विश्रांती घेतली की ठणका थांबतो, पोराला वाटते झाले. पण भरणाऱ्या टोळीचे काम अर्धवट असते, शिवाय पंधरा दिवसांत पोटरीचे बळही थोडे उतरलेले असते. अशा पायावर तो पहिल्या दिवशी पूर्वीइतकेच अंतर घालतो, किंबहुना बुडालेले दिवस भरून काढायचे म्हणून जास्तच. संपानंतर मालक जसा ओव्हरटाइम लावतो तसाच हा प्रकार! तिसऱ्या आठवड्यात पाय पुन्हा दुखतो.

आमच्या युनियनमधल्या एका मोल्डरचा मुलगा असाच तीनदा घरी बसला. पहिल्यांदा हाडवैद्याकडे गेला, त्याने तेल लावून नडगी जोराने रगडली. दुसऱ्यांदा एका दवाखान्यात इंजेक्शन घेतले. चार दिवस तो वाऱ्यासारखा धावला. तिसऱ्यांदा फोटो काढला, तो स्वच्छ आला आणि "काही नाही, मनाचे आहे" असे त्याला सांगण्यात आले. पोरगा माझ्याकडे येऊन म्हणाला, "काका, फोटोत काही नाही म्हणतात. मग मी नाटक करतोय का?" त्याच्या वडिलांच्या तोंडावरूनही तोच प्रश्न दिसत होता, आणि घरात तोच प्रश्न रोज जेवताना ताटावर येत असणार.

पोरगा नाटक करीत नव्हता. हाडाची अशी बारीक भेग पहिले दोनतीन आठवडे साध्या क्ष-किरण फोटोत बहुधा दिसतच नाही. भरून येऊ लागल्यावर जो नवा थर चढतो तो मागाहून दिसतो. एमआरआयमध्ये ती लवकर कळते. हे तीन वाक्यांत समजावून सांगायला कोणाला वेळ झाला नाही, आणि त्यापायी पोराचे चार महिने गेले.

शेवटी तो एका फिजिओथेरपिस्टकडे गेला. हा व्यवसाय आपल्याकडे फार जुना नाही. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्याचे शिक्षण सुरू झाले. पुष्कळांची समजूत अशी की तेथे शेक देतात आणि विजेची पट्टी लावतात. ह्या बाईंनी पायाला हात लावण्याआधी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. रोज किती धावतोस? कधीपासून? गेल्या महिन्यात किती वाढवलेस? डांबरावर की मातीवर? रस्त्याच्या एकाच बाजूने? बूट केव्हाचे? जेवतोस काय, झोपतोस किती? दुखणे धावताना सुरू होते की धावून झाल्यावर? रात्री ठणकते का? युनियनच्या माणसाला ही पद्धत ओळखीची वाटते. तक्रार आली की आधी हजेरीपत्रक आणि उत्पादनाचा आकडा पाहायचा, मग साहेबाला भेटायचे.

ह्या प्रश्नांना अर्थ आहे, कारण एकाच नडगीत निरनिराळी दुखणी राहतात. नडगीच्या आतल्या कडेने चांगली वीतभर जागा दुखत असेल, धावण्याच्या आरंभी दुखून पुढे अंग तापल्यावर कमी होत असेल, तर बहुधा ते हाडावरच्या ताणाचे दुखणे. धावणे कमी करून, पोटरीचे बळ वाढवून ते आवरते. एका बोटाने दाखवता येईल इतकी नेमकी जागा दुखत असेल, धावावे तसे वाढत असेल, रात्री ठणकत असेल, त्या पायावर लंगडी घालताच कळ येत असेल, तर भेगेचा संशय घ्यावा आणि धावणे त्याच दिवशी थांबवावे. लंगडी डॉक्टरांपुढे घालावी, घरी रोज घालून पाहू नये. तिसरा प्रकार विचित्र आहे : दर वेळी ठराविक अंतरावर पोटरी दगडासारखी घट्ट होते, पाऊल बधिर होते, आणि थांबले की थोड्या वेळात सारे जाते. तेथे स्नायूंभोवतीच्या आवरणात दाब वाढत असतो आणि त्याची तपासणी वेगळीच असते. मांडीच्या सांध्यात किंवा नडगीच्या पुढच्या कडेवर नेमके दुखत असेल तर मात्र एक दिवसही काढू नये. तेथली भेग पुरती मोडण्याचा धोका असतो.

मालिशीविषयी बोललो तर तालमीतली मंडळी माझ्यावर रागावतील. थकलेल्या स्नायूला तेलाचा हात लागला की बरे वाटते, ह्यात वाद नाही. वस्तादांची विद्या मला पूज्य आहे. पण भेग पडलेल्या हाडाला रगडून ती सांधत नाही. आणि दुखणे मारणारे इंजेक्शन घेऊन भरतीला उतरणे म्हणजे बॉयलरचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर फडके टाकणे.

टाचेमागच्या जाड शिरेचे मात्र उलटे आहे. तिला नुसती विश्रांती मानवत नाही. स्वीडनमधले अल्फ्रेडसन नावाचे शल्यवैद्य स्वतः धावणारे होते आणि त्यांची ही शीर वर्षानुवर्षे दुखत असे. शस्त्रक्रियेची मागणी केली तर वरिष्ठांनी 'इतके काही झालेले नाही' म्हणून नकार दिला. तेव्हा शीर तुटलीच तर शस्त्रक्रिया करावी लागेल, असा हट्टी विचार करून त्यांनी पायरीच्या कडेवर उभे राहून टाच खाली सोडण्याचा व्यायाम भाराने सुरू केला. शीर तुटायची ती बरी झाली! मग १९९८ साली त्यांनी पंधरा धावणाऱ्यांवरचा अनुभव प्रसिद्ध केला : दिवसाला १८० वेळा, बारा आठवडे, आणि ती सारी मंडळी पुन्हा धावू लागली. पुढे ह्या व्यायामात फेरफार झाले, पण शिरेला बळ द्यायचे तर हळूहळू वाढता भारच द्यावा लागतो, हे तत्त्व टिकले. म्हणजे पहा, हाडाला आधी सुट्टी पाहिजे, शिरेला बेताचे काम पाहिजे. कोणाला काय पाहिजे हे पाहणाऱ्या जाणकाराची गरज पडते ती येथे.

अविनाश साबळे ह्यांचे नाव आपण ऐकले आहे. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या कष्टकरी घरातला हा मुलगा सैन्यात गेला आणि तेथे धावपटू झाला. २०१८ साली घोट्याच्या दुखापतीने त्यांची आशियाई स्पर्धा हुकली. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी तीन हजार मीटर स्टीपलचेसचा ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ साली बर्मिंगहॅमला रौप्यपदक, २०२३ साली हांगचौला सुवर्णपदक. २०२५ च्या जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत ते पडले, गुडघा दुखावला आणि मुंबईत शस्त्रक्रिया झाली. त्यांच्यामागे सैन्य आहे, प्रशिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, आणि तसे असायलाच हवे. आमच्या मोल्डरच्या पोराचा पाय त्याच हाडामांसाचा आहे.

आहाराचे थोडक्यात सांगतो, विशेषतः मुलींच्या आईवडिलांना. वजन उतरावे म्हणून पोटाला चिमटा घेऊन पोरगी धावते, तिची पाळी दोनतीन महिने येत नाही आणि घरी कोणी विचारत नाही. शरीराला अन्न कमी पडते आहे आणि हाडे ठिसूळ होत आहेत, ह्याची ती सूचना असते. ही लाजेने झाकायची बाब नव्हे. डॉक्टरांना ती पहिल्या भेटीतच सांगितली पाहिजे.

बुटांविषयी पोरे फार विचारतात. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरे पाहून दोराबजी टाटांच्या मनात ऑलिंपिकचा विचार आला आणि पुढच्याच वर्षी आपल्या शेजारच्या बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. महागड्या बुटाने पाय वाचतो असे नाही, आणि अनवाणी धावल्यानेही वाचतो असे नाही. झिजलेला बूट बदलावा, पण जे बदलायचे ते हळूहळू.

मोल्डरच्या पोराला एमआरआयत भेग सापडली. आठ आठवडे धावणे बंद; त्यात सायकल आणि पोटरीचे व्यायाम. मग एक मिनिट धावणे, एक मिनिट चालणे, अशी सुरुवात. वहीत रोजची नोंद. ती भरती त्याची हुकली. पुढच्या भरतीसाठी तो मातीच्या मैदानावर धावतो आहे आणि दर चौथ्या आठवड्याला अंतर कमी करतो.

ज्यांच्या घरात असा पाय आहे त्यांनी सीपीआर रुग्णालयात अस्थिरोग विभागाला दाखवावे. जाताना जुने बूट आणि गेल्या दोन महिन्यांच्या धावण्याची टिपणे बरोबर न्यावीत. आणि एक मागणी सरकारकडे. भरती वर्ष-दीड वर्ष लांबते, मग एके दिवशी जाहिरात येते आणि हजारो पोरे त्याच आठवड्यात आपले धावणे दुप्पट करतात. हाडाला तीन महिने लागतात, हे मी आपल्याला सांगितले. मैदानी चाचणीची तारीख निदान तीन महिने आधी जाहीर करावी, अशा मागणीचा अर्ज तयार केला आहे. तो सभागृहाच्या दाराशी टेबलावर ठेवला आहे. सही करणाऱ्यांनी आपला पत्ताही लिहावा.