ट्रॉलींत भरलेला संसार

घर बदलण्याचा प्रसंग शहरांतील कुटुंबावर आला म्हणजे चार दिवस घरांत नुसती उलथापालथ चाललेली असते. खोकीं भरावयाचीं, त्यांवर नांवें घालावयाचीं, कांचेचीं भांडीं कागदांत गुंडाळावयाचीं. आणि इतकें करूनहि नव्या घरीं पहिल्या संध्याकाळीं आगपेटी कोणत्या खोक्यांत आहे, हें कोणासच आठवत नाहीं! असा प्रसंग आयुष्यांत चार-दोन वेळां येतो, म्हणून त्याची एवढी धांदल वाटते. परंतु महाराष्ट्रांत लक्षावधि माणसें अशीं आहेत, कीं ज्यांना आपला सारा संसार दर वर्षीं दोनदां चाकांवर चढवावा व उतरवावा लागतो. तीं ऊसतोडणी कामगारांचीं कुटुंबें होत. सामान भरण्याची विद्या त्यांना कोणी शिकविलेली नाहीं. तथापि त्यांची ट्रॉली नीट निरखून पाहिली, तर तींत शास्त्रहि दिसतें आणि संसारहि दिसतो.

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यांत कुरुंदा हें गांव आहे. पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर या धरणांचें पाणी कालव्यांनीं या तालुक्यांत खेळूं लागलें, आणि हळद व केळी यांच्या जोडीस ऊस उभा राहिला. लोणीस विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानें सहकारी साखर कारखान्याचें पहिलें गाळप १९५० सालीं झालें. त्या वाटेनें पुढें राज्यांत ठिकठिकाणीं कारखाने निघाले. कुरुंद्याचा टोकाई सहकारी साखर कारखाना हा त्यांतलाच एक. परंतु एकाच जिल्ह्यांत दोन तऱ्हा असतात. कालव्याच्या कांठीं ऊस डोलत असतो, आणि माळावरच्या कोरडवाहू वाड्यांतून व तांड्यांतून खरिपाचें पीक घरांत आलें न आलें तोंच माणसें बाहेर पडण्याची तयारी करूं लागतात. कोणी जवळच्या फडावर जातात, कोणी थेट पश्चिम महाराष्ट्राची किंवा कर्नाटकाची वाट धरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायकोच्या जोडीस तेथें ‘एक कोयता’ म्हणून मोजतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास गेलेली ही मंडळी गुढीपाडव्याच्या आगेंमागें परततात. या पांच-सहा महिन्यांचें घर ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलींत मावलें पाहिजे.

भरण्यास आरंभ होतो तो अंगणांत. घरची कारभारीण सामानाचे तीन ढीग करते. वाटेंत लागणारें एक, मुक्कामावर पहिल्या रात्रीं लागणारें दुसरें, आणि पुढें सहा महिने लागणारें तिसरें. साऱ्या व्यवस्थेचें मर्म या वांटणींत आहे. ट्रॉलीस एकच तोंड असतें; जें आधीं आंत जातें तें शेवटीं बाहेर येतें. म्हणून सहा महिन्यांचें धान्य सर्वांत आधीं चढतें, आणि राहुटीसारखी कोपी उभारण्याचे बांबू, ताडपत्री, दोऱ्या, विजेरी व पाण्याची घागर हीं सर्वांत शेवटीं. फडावर पोंचेपर्यंत बहुधा दिवस मावळलेला असतो. जागा अनोळखी, जमीन ओली, मुलें झोपेला आलेलीं. अशा वेळीं ताडपत्री जर ज्वारीच्या पोत्यांखालीं सांपडली, तर ती रात्र उघड्यावरच काढावी लागते. शहरांतील गृहिणीची आगपेटी हरवली तर शेजारीं मागतां येते. येथें शेजारहि त्याच ट्रॉलींतून उतरत असतो.

दुसरा नियम वजनाचा. दोन चाकांची ट्रॉली ही तराजूसारखी असते. तिची आंस म्हणजे तराजूचा कांटा. वजन मागच्या अंगास अधिक झालें, कीं पुढचा दांडा वर उचलूं पाहतो. त्याबरोबर ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरील भार हलका होऊन त्यांची जमिनीवरील पकड सुटते, आणि उतारावर ट्रॉली शेंपटासारखी दोन्ही बाजूंस हेलकावे खाऊं लागते. उलट सारें वजन पुढें रेटलें, तर दांडा दाबला जाऊन ट्रॅक्टरचीं पुढचीं चाकें हलकीं होतात व सुकाणूं नीट मानत नाहीं. म्हणून जड पोतीं तळाशीं, आंसेच्या किंचित् पुढें, आणि डावीउजवीकडे सारखीं ठेवावीं लागतात. ट्रॉली चार चाकांची असली तर दांड्याची ही ओढाताण बरीच कमी होते; परंतु जड तें खालीं व हलकें तें वर, हा नियम तेथेंहि सुटत नाहीं, कारण उंचावर गेलेलें वजन वळणावर गाडी कलंडवितें. मराठवाड्यांतील लमाण पूर्वीं बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ वाहत, तेव्हां गोणीचीं दोन्ही पारडीं सारखीं आहेत कीं नाहींत, हें ते हातानें तोलून पाहत. आज त्यांच्याच तांड्यांतून निघणाऱ्या ट्रॉलींत तो जुना हिशेब नव्या चाकांवर चालू आहे.

तिसरा नियम पोकळीचा. हादऱ्यांनीं सामान मोडतें तें बहुधा रिकाम्या जागेमुळें. म्हणून पातेल्यांत तपेलें, तपेल्यांत तांब्या, तांब्यांत मिठाची पुडी, असें एकांत एक बसवितात. परातीच्या आड तवा जातो. आणि राहिलेल्या फटींत वाकळा व गोधड्या कोंबतात. गोधडी येथें तीन कामें करते: भांड्यांस आधार, वाटेंत बैठक आणि रात्रीं पांघरूण. बांबूसारख्या लांब वस्तू फळीच्या कडेनें उभ्या लावून बांधतात. मागें टोंक निघालेंच, तर त्यावर लाल फडकें अडकवितात. रॉकेल अथवा डिझेल यांचा डबा पिठाच्या डब्याजवळ कधींच ठेवीत नाहींत. तो बाहेरच्या अंगास उभा बांधतात. कोयत्यांचीं पातीं गोणपाटांत घट्ट गुंडाळून फळीशीं आवळतात, कारण सुटा कोयता हादऱ्यानें सरकत कोणाच्या पायाशीं येईल याचा नेम नसतो. एका ट्रॉलींत अनेक घरांचें सामान असल्यानें प्रत्येक घर आपल्या गांठोड्यांना एकाच रंगाची चिंधी बांधतें. अक्षर न वाचतां येणाऱ्यासहि ती खूण अंधुक उजेडांत ओळखतां येते.

सारें चढल्यावर दोर आवळतात. पण काम तेथें संपत नाहीं. दोन-तीन कोस गेल्यावर सामान बसतें आणि घट्ट वाटणारा दोर सैल पडतो. म्हणून जाणता चालक थोड्या अंतरावर गाडी थांबवून दोर पुन्हां ओढतो, ट्रॅक्टर व ट्रॉली जोडणारी खीळ पाहतो, आणि खीळ निसटली तरी ट्रॉली सुटूं नये म्हणून लावलेली साखळी तपासतो. मागच्या फळीवर रिफ्लेक्टरच्या पट्ट्या असाव्या व त्या सामानानें झांकूं नयेत, ही गोष्ट लहान वाटते. पण रात्रीच्या रस्त्यावर मागून येणाऱ्या मोटारीस तेवढीच सूचना मिळते.

पाश्चात्य देशांत कित्येक कुटुंबें सुटीच्या दिवसांत मोटारीमागें तंबूचें सामान घेऊन अरण्यविहारास जातात. त्यांच्याकडे खणांच्या पेट्या असतात, सरकते कप्पे असतात. परंतु नियम हेच असतात. भेद आहे तो वेगळाच. विहारास निघालेल्यांची माणसें मोटारींत बसतात आणि सामान मागें येतें. ऊसतोडीच्या ट्रॉलींत मात्र सामानावरच माणसें बसतात. कडेवरचें मूल, गरोदर बाई, म्हातारी सासू, शेळी आणि कोंबड्यांची पाटी, सारीं त्याच पोत्यांवर. मालाच्या ट्रॉलींतून माणसें नेणें कायद्यास मान्य नाहीं, आणि ट्रॉली उलटल्यावर वरच्या माणसांना आधार कसलाच नसतो. पोतीं कितीहि नीट लावलीं तरी त्यांवर बसलेलें मूल त्यानें सुरक्षित होत नाहीं. सामान ट्रॉलींत व माणसें एस्. टी.च्या गाडींत, हीच खरी उत्तम मांडणी होय. तिचें भाडें कोणीं सोसावें, हा प्रश्न मुकादम व कारखाना यांच्या करारांतच सुटावयास हवा. उचलीच्या ओझ्याखालीं असलेलें कुटुंब तो एकट्यानें सोडवूं शकत नाहीं.

कांहीं वस्तू ट्रॉलींत भरावयाच्याच नसतात. शिधापत्रिका, आधारपत्र, मुलांच्या लसींचा कागद व गरोदर बाईच्या तपासणीचें कार्ड हीं मेणकापडाच्या पिशवींत घालून कारभारणीनें जवळच ठेवावीं. शिधापत्रिकेवर आपल्या गांवाबाहेरहि धान्य उचलतां येण्याची सोय आतां झालेली आहे. पत्रिका गांठोड्याच्या तळाशीं गेली तर त्या सोयीचा उपयोग व्हावयास उशीर लागतो. लसीचा कागद जवळ असला, तर परक्या गांवच्या परिचारिकेस मुलाला कोणती सुई द्यावयाची राहिली आहे हें लगेच कळतें.

मुक्कामावर पोंचतांच सारी मांडणी उलटी सुरू होते. प्रथम बांबू उतरतात. ते वांकवून त्यांवर ताडपत्री ओढली, कीं कोपी उभी राहते. तिच्या भोंवतीं चर खणतात, कारण अवकाळी पाऊस सांगून येत नाहीं. चूल कोपीपासून दूर मांडतात, कारण उसाचें पाचट ठिणगीनेंहि पेट घेतें. पहिली भाकरी भाजून होते तेव्हां जड पोतीं ट्रॉलींतच असतात, आणि तीं सकाळपर्यंत तेथें राहिलीं तरी कोणाचें अडत नाहीं. सामान नीट भरलें होतें कीं नाहीं, याची परीक्षा हीच.

या ट्रॉलींत जागा नेहमींच कमी पडते, आणि कमी पडली म्हणजे कांहींतरी अंगणांत राहतें. बहुतेक वेळां राहतें तें मुलाचें दप्तर. त्यास वजन फार नसतें. पण पहिल्या रात्रीं तें लागत नाहीं, सहा महिनेहि लागेल असें कोणी धरीत नाहीं, म्हणून तिन्ही ढिगांत त्यास स्थान मिळत नाहीं. कोठें फडाजवळ साखरशाळा भरते, कोठें गांवचीच शाळा पाहुण्या मुलांना बसवून घेते, आणि कोठें मुलाला गांवीं आजीपाशीं अथवा वसतिगृहांत ठेवून त्याची शाळा चालू राहते. यांपैकीं कोणतीहि व्यवस्था होवो, ट्रॉली भरण्यापूर्वीं ती ठरलेली असावी. सोबत नेलेल्या मुलाचें दप्तर तिसऱ्या ढिगांत नव्हे, तर ताडपत्रीच्या जोडीनें दुसऱ्या ढिगांत पडावें, म्हणजे मुक्कामाच्या दुसऱ्या सकाळीं तें हातांत येईल. आईबाप कोयते घेऊन फडांत शिरतील, तेव्हां मुलाची पावलें शाळेच्या वाटेनें वळण्यास तेवढी तयारी पुरते.