कुकरचे झाकण अडकल्यास काय करावे?

अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगडाचा परिसर हा धानाचा प्रदेश होय. भात हे येथील रोजचे अन्न असून तो शिजविण्यास अनेक घरी कुकर वापरतात. झाकण उघडले नाही, की मुठीवर ठोकून ते ओढण्याचा मोह होतो. तो जिवावर बेतू शकतो.

कुकरमध्ये वाफ कोंडून दाब वाढतो व पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. दाब असताना झाकण सुटल्यास उकळते पाणी अंगावर उडते. म्हणून अडकलेले झाकण हा बिघाड न मानता प्रथम धोक्याची सूचना मानावी.

विस्तव बंद करून कुकर निवू द्यावा. शिट्टी उचलून वाफ आली नाही, एवढ्यावरून दाब गेला असे समजू नये. पेजेने वाफनळी तुंबलेली असू शकते. अशा वेळी कुकर पूर्ण थंड होईपर्यंत झाकणास हात लावू नये.

थंड झाल्यावरही झाकण न सुटल्यास आतील वाफेचे पाणी होऊन पोकळी निर्माण झालेली असते. शिट्टी काढावी, नळी तारेने मोकळी करावी. हवा आत शिरताच झाकण बहुधा सुटते.

पुढे ही अडचण येऊ नये म्हणून रोज नळी उजेडाकडे धरून पाहावी. भात शिजविताना तांदूळ व पाणी मिळून निम्म्याहून अधिक भरू नये. कडक किंवा चिरलेले रबरी कडे बदलावे. ग्रामकार्यकर्त्यांनी हे सर्व थंड कुकरवर करून दाखवावे.